व्हिएतनामचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल तिथलाच असल्याचा दाखला) असूनही कस्टमने कापड का अडवलं? माल किती दिवसांत सुटेल?

तुम्ही निपाणीचे, माल न्हावा शेवा बंदरात अडकलाय आणि ‘सर्टिफिकेट खरं आहे, तरी अडवणूक का’ असं विचारताय. हेच वाक्य मी 2022 च्या उन्हाळ्यात रोज तीनदा ऐकत होतो, माझ्या मेहुण्याच्या तोंडून. म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथे फक्त वाचतो.

आमचं दुकान बेळगावात, शहापूरच्या खडे बाजारात. घरी वडगावला चार यंत्रमाग होते, ते आप्पांनी विकले आणि मी ड्रेस मटेरियलमध्ये पडलो. मेहुणा इचलकरंजीचा, त्याच्या डोक्यात इम्पोर्टचं वारं. दोघांत मिळून व्हिएतनामच्या एका पार्टीकडून पॉलिस्टर कापड मागवायला लागलो. आसियान कराराची, म्हणजे भारत आणि आग्नेय आशियातल्या देशांमधल्या व्यापार कराराची सवलत, त्यामुळे ड्युटीत मोठी बचत. पहिल्या दोन खेपा विनासायास सुटल्या. तिसरी अडकली.

आमचा सीएचए, म्हणजे कस्टमची कामं करणारा एजंट, म्हणाला, एकदा येऊन जा. रात्रीच्या गाडीने पनवेल, तिथून रिक्षा करून यार्डात पोचलो. अधिकारी तरुण होता. त्याने कागद बघितलेच नाहीत, सरळ एक रोल खाली घ्यायला लावला. प्लॅस्टिक फाडलं. वरचं लेबल ‘मेड इन व्हिएतनाम’, छान छापील. मग मोबाइलची बॅटरी लावून आतल्या पुठ्ठ्याच्या नळीत धरली आणि मला म्हणाला, ‘देखिए.’ नळीच्या आतल्या अंगाला निळ्या शाईत चिनी अक्षरांची अख्खी ओळ. दुसरा रोल, तीच ओळ. तिसऱ्याच्या टोकाला एक स्टिकर खरवडून काढल्याची खूण, गोंद अजून चिकट.

मेहुणा तिथेच तापला. ‘नळी चीनची असली म्हणून कापड चीनचं होतंय होय? व्हिएतनामच्या मिलवाले नळ्या चीनमधून घेत असतील!’ मुद्दा खोटा नव्हता. नुसत्या नळीवरून मूळ देश ठरत नाही. पण त्या अधिकाऱ्यानेही तसं म्हटलंच नव्हतं. तो फक्त विचारत होता: सूत कुणाचं, कोरं कापड कुठं विणलं, डाइंग कुठं झालं, किमतीतला तिथला वाटा किती?

इथे तुमच्या ‘का’चं उत्तर आहे. 21 सप्टेंबर 2020 पासून कॅरोटार नियम (व्यापार कराराची सवलत मागणाऱ्या मालाचं मूळ तपासायचे नियम) लागू आहेत, कस्टम्स कायद्यात त्यासाठी 28 डीए हे कलम घातलंय. तेव्हापासून नुसतं सर्टिफिकेट दाखवून भागत नाही. माल मूळ देशाच्या निकषात कसा बसतो याची माहिती इम्पोर्टरने फॉर्म-1 मध्ये आधीपासून जवळ ठेवायची आणि पाच वर्षं जपायची. अधिकाऱ्याने मागितली की 10 कामाच्या दिवसांत द्यायची. आसियानमध्ये सर्वसाधारण नियम असा की किमान 35 टक्के मूल्य तिथलं हवं आणि टॅरिफचं उपशीर्षकही, म्हणजे कस्टमच्या यादीतला मालाचा सहा आकडी कोडही, बदलायला हवा. कोरं कापड चीनहून आणून तिकडे रंगवलं तर उपशीर्षक बदलेलही, पण 35 टक्के? करा हिशेब.

आम्ही पार्टीला मेल टाकला, व्हॉट्सॅप केलं. उत्तर आलं एका ओळीचं: ‘ऑल गुड्स फ्रॉम व्हिएतनाम, डोंट वरी.’ मिलचं नाव मागितल्यावर फोन बंद. दहा दिवस गेले. यार्डाचं भाडं रोज चढत होतं. शेवटी सवलतीचा दावा सोडून पूर्ण ड्युटी भरली आणि माल बाहेर काढला. वर मागच्या दोन खेपांचीही नोटीस आली. कलम 28(5) खाली 30 दिवसांत ड्युटी, व्याज आणि 15 टक्के दंड भरून ते मिटवलं. त्या वर्षी दिवाळीला दुकानात नवा माल भरला नाही.

मेहुणा आजही प्रत्येक लग्नकार्यात सांगतो, ‘दाजी घाबरले. कापड चीनचं आहे हे कस्टमने कुठं सिद्ध केलं?’ नाही केलं. करायची गरजच नव्हती. सवलत मागायला आपण गेलो होतो, तर पुरावा आपणच द्यायचा. तो जेव्हा जेव्हा म्हणतो की वडगाव-खासबागच्या मागांना स्पर्धा झेपत नाही म्हणून ते रडतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं की खोट्या मुळाच्या मालाशी कुणी स्पर्धा करायची?

आणि खरं सांगायचं तर दोष माझाही. पहिल्या खेपेचा नमुना मी हौसेने आप्पांना दाखवला होता. आयुष्यभर मागावर बसलेला माणूस. त्यांनी भिंग लावलं, धागे मोजले, किनार चुरगळून बघितली आणि विचारलं, ‘हे विणलंय कुणी?’ मी फाइल पुढे केली. ते म्हणाले, ‘कापूड बघूलास की कागूद?’ मी हसण्यावारी नेलं. आम्हा बेळगावकरांना तर ‘मूळ कुठलं’ या प्रश्नाचं कोर्ट-कचेरीपर्यंतचं महत्त्व जन्मापासून माहीत, तरी कापडाच्या बाबतीत विचारलं नाही.

आता माल किती दिवसांत सुटेल. पडताळणीची चिठ्ठी व्हिएतनामला गेली तर महिने मोजा. थांबायचं नसेल तर फरकाच्या ड्युटीइतकी सिक्युरिटी देऊन माल तात्पुरता सोडवून मागता येतो. सीएचएला लेखी अर्ज करायला लावा, तोंडी बोलून काही होत नाही. मिलचे कागद खरोखर असतील तर मात्र हक्क सोडू नका. मी सोडला कारण माझ्याकडे नव्हते.

हे सगळं माझ्या एका प्रकरणावरून सांगतोय, मी वकील नाही. तुमच्या मालाचा पंचनामा, ज्याला आपल्याकडे महाजर म्हणतात, होऊन कलम 110 खाली जप्ती झाली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा नोटिशीला सहा महिन्यांची मुदत असते, ती आणखी सहा महिने वाढू शकते, आणि चांगला वकील लागतोच. बांगलादेशचा तयार कपडा असेल तर नियम वेगळे, आसियानची 35 टक्क्यांची अट तुम्हाला लागू नाही.

तुमचे रोल अजून यार्डात असतील तर सीएचएला सांगून एक उघडायला लावा आणि नळीत बॅटरी मारून बघा. आत काय छापलंय ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.