वाचकांचे प्रश्न: क्लब पाहावा की प्रशिक्षक?

प्रश्न: मी भुसावळला रेल्वेत नोकरीस आहे. मुलगा सतरा वर्षांचा असून फुटबॉलमध्ये सेंटर फॉरवर्ड खेळतो. सुब्रतो चषकाच्या शालेय सामन्यांत त्याचा खेळ पाहून दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे. इंडियन सुपर लीगमधील एका क्लबचा राखीव संघ तीन वर्षांचा करार देऊ म्हणतो. दुसरा क्लब खालच्या श्रेणीतला आहे. त्याचे प्रशिक्षक स्वतः दोनदा फोनवर बोलले, पण पैसे जेमतेम आहेत. घरात सर्वांचा कल मोठ्या नावाकडे आहे. आपण काय सांगाल?
— एक पालक, भुसावळ

उत्तर: आपल्या पत्रातला एक शब्द मी दोनदा वाचला, तो म्हणजे 'सेंटर फॉरवर्ड', गोल करणाऱ्याची जागा. मुलगा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, असता तर मोठ्या क्लबला मी इतकी हरकत घेतली नसती. २०१४ साली ही लीग सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७-१८ पासून ते पाच झाले आणि २०२१-२२ पासून चार. संख्या घटली, मात्र ते चौघे कुठे खेळवायचे याबद्दल प्रशिक्षकांचे मत फारसे बदलले नाही. बचावाचा मध्य, मधली फळी आणि गोल करणारा माणूस या जागा आधी परदेशी खेळाडूंकडे जातात आणि आपल्या मुलांच्या वाट्याला बहुधा दोन्ही बगला येतात. २०२४-२५ च्या हंगामात भारतीयांत सर्वाधिक, म्हणजे १४ गोल सुनील छेत्रीचे होते. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता, आणि आंतरराष्ट्रीय निवृत्तीला वर्ष व्हायच्या आत त्याला राष्ट्रीय संघात परत बोलवावे लागले होते. त्याच्या मागची रांग किती विरळ आहे, हे यावरून कळावे.

याचा सगळा दोष प्रशिक्षकाच्या माथी मारणे मला बरोबर वाटत नाही. या लीगमधून निदान २०२४-२५ पर्यंत संघ खालच्या श्रेणीत जात नसे, तरी चार सामने हातचे गेले की प्रशिक्षकाची खुर्ची डुगडुगू लागते. कधीकधी तर हरावेही लागत नाही: एफसी गोवाने २०२० च्या जानेवारीअखेर प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा यांना निरोप दिला, तेव्हा संघ गुणतक्त्याच्या वरच्या टोकाला होता. आपल्याकडे वर्षभराच्या बोलीने खंडाने घेतलेल्या जमिनीत कोणी केळी लावत नाही. मूग घेतो आणि मोकळा होतो. पुढच्या हंगामाची खात्री नसलेला प्रशिक्षकही तेच करतो. तो तयार, तिशीतला, परदेशी गोल करणारा आणतो, आणि आपला सतरा वर्षांचा मुलगा, कितीही गुणी असला तरी, त्या प्रशिक्षकाच्या दृष्टीने केळीचे खोड असतो.

राखीव संघात पडून राहणे म्हणजे काय, ते मी जवळून पाहिले आहे. जळगावात माझ्या हाताखाली खेळलेला एक मुलगा अशाच एका क्लबकडे गेला होता. तो सामन्यांची नोंद शंभर पानी वहीत ठेवी. तारीख, प्रतिस्पर्धी, किती मिनिटे. सुट्टीत घरी आला तेव्हा ती वही त्याने माझ्यापुढे ठेवली. 'वॉर्म-अप केला, उतरवले नाही' ही ओळ एकाखाली एक इतक्या वेळा होती, की पुढे पुढे त्याने नुसत्या दोन आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. पगार वेळेवर मिळत होता, जेवण उत्तम होते, तक्रार करावी असे कोणी वागलेही नव्हते. पण अठरा ते वीस ही गोल करण्याच्या सवयीची वर्षे त्या बाकावर गेली.

उलट संदेश झिंगनची वाट पाहा. चंडीगडचा हा मुलगा आधी युनायटेड सिक्कीमसारख्या लहान क्लबकडून खेळला आणि मग २०१४ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून उतरून लीगचा उदयोन्मुख खेळाडू ठरला. जीक्सन सिंग याने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध गोल केला, फिफाच्या स्पर्धेतला तो भारताचा पहिला गोल. पण त्यानंतर तो थेट मोठ्या संघात गेला नाही, इंडियन ॲरोज या भारतीय फुटबॉल महासंघाच्या विकास संघाकडून आय-लीग या दुसऱ्या राष्ट्रीय लीगचे सामने खेळला आणि सुपर लीगमध्ये २०१९-२० साली उतरला. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही ॲरोजमधूनच पुढे गेला. तो ॲरोज संघ २०२२ मध्ये बंद झाला, आणि तो बंद करायला नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा माझा कौल फोन करणाऱ्या प्रशिक्षकाकडे आहे, मात्र काही गोष्टी विचारून घ्या. संघात आणखी किती फॉरवर्ड आहेत, वर्षाला सामने किती होतात, आणि त्यांचा स्वतःचा करार किती काळाचा आहे? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटेल, तरी विचाराच. जो प्रशिक्षक मुलाला बोलावतो तोच दिवाळीनंतर तिथे नसेल, तर त्याच्या शब्दाला काय अर्थ? मोठ्याच क्लबकडे जायचे ठरले, तर दुसऱ्या संघाकडे उसने पाठवण्याची तरतूद करारात लेखी मागा. फिफाच्या नियमांनुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार तीन वर्षांहून अधिक काळाचा धरला जात नाही, आणि करार संपायला सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी करार करू शकतो. बारावी मात्र मध्येच सोडू देऊ नका. २०२५ मध्ये महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातील हक्ककराराचा गुंता सुटेना, म्हणून सुपर लीगचा हंगाम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही आणि काही क्लबांनी पगार थांबवले. आपण रेल्वेत आहात. क्रीडा कोट्याची किंमत आपल्याला मी सांगायला नको. साठच्या दशकात रेल्वेच्या संघाने संतोष करंडक तीनदा जिंकला होता.

प्रश्न: सुपर लीगमध्ये भारतीय मुख्य प्रशिक्षक इतके थोडे का? आपली माणसे कमी पडतात काय?
— एक क्रीडाशिक्षक, अमळनेर

उत्तर: सुरुवातच मोठ्या नावांनी झाली. पहिल्या दोन हंगामांत झिको, मातेराझ्झी, रॉबेर्तो कार्लोस, आनेल्का अशा नामांकित परदेशी खेळाडूंच्या हाती संघ होते; लीग दोन-अडीच महिन्यांची होती आणि तिकीट खपवणारा चेहरा मालकांना हवा होता. लीग लांबली, तरी सवय राहिली.

खालिद जमील यांचेच पाहा. मुंबई एफसीत प्रशिक्षक म्हणून सात वर्षे काढल्यावर ते ऐजॉल एफसीकडे गेले आणि आदल्या हंगामात घसरणीच्या रेषेखाली गेलेल्या त्या संघाला त्यांनी २०१६-१७ ची आय-लीग जिंकून दिली. सोबत जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईत हाताखालून गेलेली मुले होती, म्हणजे प्रशिक्षकाबरोबर खेळाडूंचीही वाट सुधारली. तरी सुपर लीगमध्ये कायम मुख्य प्रशिक्षक होणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव लागायला २०२१ उजाडले, तेही आदल्या हंगामात हंगामी म्हणून नॉर्थईस्ट युनायटेडला उपांत्य फेरीत नेल्यानंतर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

क्लिफर्ड मिरांडा यांचा अनुभव अधिक बोलका आहे. २०२३ मध्ये त्यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून ओडिशाला सुपर कप जिंकून दिला आणि त्यानंतर क्लबने पुढच्या हंगामासाठी लोबेरा यांना नेमले. लोबेरा उत्तम प्रशिक्षक आहेत, यात वाद नाही. मुंबई सिटीला एकाच हंगामात ढाल (साखळीत अव्वल आल्याबद्दल) आणि चषक (अंतिम सामना जिंकल्याबद्दल) त्यांनीच मिळवून दिला. पण करंडक जिंकूनही जागा मिळत नसेल, तर 'आपली माणसे कमी पडतात' हे कोणत्या कसोटीवर म्हणायचे?

प्रश्न: वय अठ्ठावीस, गुडघ्यामुळे खेळ सुटला. प्रशिक्षक व्हायचे तर सुरुवात कोठून करावी?
— एक माजी खेळाडू, शहादा

उत्तर: महासंघाच्या 'डी' परवान्यापासून. पुढे 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वर आशियाई महासंघाचा 'प्रो'. सुपर लीगच्या मुख्य प्रशिक्षकाकडे तो किंवा त्याच्या तोडीचा परवाना असावा लागतो. दोन पायऱ्यांमध्ये प्रत्यक्ष शिकवल्याचा अनुभव विचारला जातो. तेव्हा अभ्यासक्रमाची तारीख लागेपर्यंत थांबू नका. शहाद्यात बारा वर्षांखालची पंधरा मुले जमवा, आठवड्याला तीन दिवस ठरवा, एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे सराव सकाळी सातच्या आत उरका, आणि हजेरीपट पहिल्या दिवसापासून ठेवा.