कस लागला म्हणून नाणं खरं होत नाही

अरे,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, तू घ्यायला निघालेल्या गिनीचे, त्या जुन्या ब्रिटिश सोन्याच्या नाण्याचे, पाचही फोटो मोठे करून बघितले. "सोनाराने कस लावून बघितला, बावीस कॅरेट निघालं, वजनही ७.९८ ग्रॅम बरोबर भरलं, म्हणजे ओरिजिनलच ना काका?" हे वाचून एवढी चिडचिड झाली की लगेच काही लिहिलंच नाही, म्हटलं सकाळपर्यंत थांबू. चिडचिड तुझ्यावर नाहीये. हेच वाक्य, अगदी याच तोऱ्यात, मी तुझ्या वयाचा असताना बोललोय, म्हणून ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकवत नाही.

सोनाराने तुला सोन्याबद्दल सांगितलं. तू विचारत होतास नाण्याबद्दल. सोनं खरं म्हणजे नाणं खरं नव्हे, एवढंच मला आज लिहायचंय, बाकीचं सगळं त्याच्याच भोवती येणारे.

तुला वाटतं खोटं नाणं म्हणजे पितळेवर मुलामा. ते पकडायला काय अक्कल लागते? वजनातच मार खातं. सोन्याची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास, त्यामुळे पितळ तेवढ्याच आकारात बसवलं तर हलकं होणार आणि वजन जुळवायला गेलं तर नाणं जाड होणार. खरा चोर हुशार असतो, तो सोनंच वापरतो. दुर्मिळ नाण्याला धातूच्या कितीतरी पट भाव येतो, मग सोन्यात कंजुषी कशाला करेल तो? १९५० आणि ६० च्या दशकांत इटलीत, लेबनॉनमध्ये सॉव्हरीनच्या (आपण जिला गिनी म्हणतो ती) नकला पाडल्या गेल्या, आणि त्यातल्या पुष्कळ चांगल्या सोन्याच्या, वजनाला जवळपास बरोबर. अशी गिनी घेऊन तू दहा सोनारांकडे जा, दहाही जण मान डोलावतील. आणि ते खोटं बोलत नसतील!

माझी गोष्ट सांगतो, तू ऐकली नाहीयेस. व्हिक्टोरिया राणीची, मागे ढाल असलेली एक गिनी मी घेतली होती. कस लावला, वजन केलं, सगळं झकास. राणीच्या गालावर एक छोटा खळगा होता, आणि तो मी चार वर्षं लोकांना कौतुकाने दाखवायचो, की बघा, हा जुनेपणाचा पुरावा, एवढं फिरलंय नाणं. मग एकदा एका संग्राहकाकडे त्याच वर्षाची गिनी भिंगाखाली धरली, तर तिच्याही गालावर खळगा. त्याच जागी, त्याच आकाराचा. दोन नाणी वेगवेगळ्या खिशांत फिरून एकाच जागी तसाच मार खात नाहीत रे. मार खाल्लेलं एकच खरं नाणं कुणीतरी घेतलं, त्यावरून ठसा बनवला, आणि त्या ठशातून पडलेलं प्रत्येक नाणं तो खळगा जन्मतः घेऊन आलं. ज्याला मी पुरावा म्हणत होतो तो पुरावाच होता, फक्त माझ्या विरुद्धचा. आणि या चार वर्षांत माझं सोनं बावीस कॅरेटचंच होतं बरं का, एक गुंजही कमी झालं नाही.

म्हणून ठसा बघ. दहापट मोठं दाखवणारं लूप घे आणि आधी कसाशी काही संबंधच नसल्यासारखं नुसतं बघत बस. ठशाखाली दाबून पाडलेल्या नाण्याच्या मोकळ्या जागेत धातू बाहेरच्या बाजूला सरकल्याच्या अतिबारीक रेषा असतात, फारसं न झिजलेलं नाणं उजेडात तिरकं फिरवलं की चकाकी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. ओतीव नाणं मेणचट दिसतं, अक्षरांच्या मुळाशी गोलाई येते, हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रं आणि कडेला कधी सांध्याची रेघ. ठशातूनच पाडलेली नक्कल असेल तर काम अवघड. तिथे बघायचं की मोकळ्या जागेत नको तिथे उंचवटे, बारीक पुळ्या किंवा ओरखड्यांसारख्या उठलेल्या रेषा आहेत का. वापरात नाण्याला ओरखडा पडतो तो खोल जातो, वर उठलेला ओरखडा ठशातूनच येतो. खऱ्या टांकसाळीच्या ठशावरही कधी अशी रेघ असते, पण ती त्या ठशाची ओळख म्हणून माहितीची असते. तुझ्या नाण्यावरची माहितीची आहे का? शोधलंस?

तुझी गिनी १९१८ ची, 'आय' अक्षराची, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीची. मुंबईत सॉव्हरीन पाडली ती त्या एकाच वर्षी, म्हणून तुझा जीव तिच्यात अडकलाय, कळतं मला. तो 'आय' मागच्या बाजूला घोडा आहे, त्याच्याखालच्या जमिनीच्या पट्टीवर, सालाच्या वर मधोमध असतो. मग त्याचा जवळून फोटो कुठाय? पाच फोटो पाठवलेस, त्यातले तीन राजाच्या दाढीचे! राजाच्या मानेखाली कापलेल्या भागावर शिल्पकाराची 'बी. एम.' ही आद्याक्षरं, मागे सालाच्या उजवीकडे त्या बाजूच्या शिल्पकाराची बारीक 'बी. पी.', कडेचे दाते एकसारखे आहेत की मध्येच बुजलेत, हे बघायचं. कड कुणीच बघत नाही आणि सगळं पाप कडेलाच असतं. पेंडंट करायला कडी झाळलेली असते, मग ती काढून कानसलेली असते. ते नाणं खोटं नव्हे, पण जखमी असतं, आणि तुला जखमी म्हणून सांगितलेलं नसतं.

हाताने पाडलेल्या नाण्यांचा मामला याच्या उलट. मुघल मोहोर घे, ठसा नाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर कुठेतरी कापला जाणारच, कड कुठेतरी चिरणार. अशी दोन नाणी अगदी एकाच जागी कापलेली, एकाच जागी चिरलेली दिसली की हात मागे घ्यायचा. शिवराई होन तर लोक मला इतके दाखवतात, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति', आणि सगळं कसं गोल गरगरीत, अक्षर न् अक्षर मधोमध, जणू राज्याभिषेकाच्या वर्षी प्रेस मशीन होतं. पण सोनं खरं आहे हो, असं म्हणतात. असेल ना!

जर्मनीत बेकर नावाचा एक माणूस होऊन गेला, १८३० मध्ये वारला. त्याने स्वतः हाताने शेकडो ठसे कोरले आणि प्राचीन नाणी पाडली, खऱ्या सोन्याचांदीत. मग म्हणे ती लोखंडाच्या किसाच्या डब्यात घालून बग्गीला बांधायचा आणि फिरवून आणायचा, म्हणजे धक्क्यांनी जुनी दिसायला लागतात. अमेरिकेच्या १९०७ च्या वीस डॉलरच्या नाण्याची एक नक्कल आहे, तिच्या बनवणाऱ्याने गरुडाच्या पंजात ओमेगा हे ग्रीक अक्षर सूक्ष्म कोरून ठेवलंय. सही केली पठ्ठ्याने. भिंगवाल्याला दिसते, कसोटीच्या दगडाला नाही दिसत.

वजन आणि घनता करूच नको असं नाही म्हणत. कर. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा, नाणं बारीक दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवायचं, जो आकडा येईल त्याने वजनाला भागायचं. गिनीला साधारण ०.४५ यायला हवं, म्हणजे घनता साडेसतराच्या आसपास. पण ०.०१ चा फरक पडला तरी उत्तर ०.४ ने हलतं, तेव्हा पाच वेळा कर. यात नापास झालं तर विषय संपला. पास झालं तर विषय सुरू झाला, तू मात्र तिथे संपवतोस.

आणि नाण्यावरचं साल वाचून हुरळू नकोस. ऑस्ट्रियाची १९१५ सालची ड्युकाट (तीही सोन्याची) त्यांच्याच टांकसाळीने नंतर वर्षानुवर्षं तेच साल घालून पाडली. ब्रिटनच्या टांकसाळीने १९२५ ची सॉव्हरीन १९४९ पासून पुन्हा पाडली. सोनं खरं, टांकसाळ खरी, आणि तरी साल काय सांगतं?

"विकणारे गृहस्थ सज्जन आहेत, पणजोबांपासून घरात आहे" हे तू दोनदा लिहिलंयस. असतील सज्जन. पण पणजोबांनाही कुणीतरी फसवू शकतं ना? की तेव्हा चोर जन्मायचे होते?

माझ्यावर एक आरोप आहे, तो तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. एक मोहोर मी हातात आलेली सोडली. कडेला झाळ लावल्यासारखा डाग होता आणि अक्षरं मला जरा जास्तच धारदार वाटली. नंतर ज्याने घेतली त्याने जाणकारांकडून तपासून घेतली, अस्सल निघाली, आणि आमचा एक मित्र अजून भेटला की पहिलं वाक्य मोहोरीचंच बोलतो. तशी पुन्हा मिळाली नाही मला, मिळणारही नाही. पण त्या दिवशी त्या काळच्या मोहरांचे ठसे मी हातात घेऊन पुरेसे बघितलेच नव्हते, मला जे कळत नव्हतं त्यावर मी पैसे लावले नाहीत, यात चूक काय? घेतली असती तर ते नशीब झालं असतं, पारख नाही. मित्राला हे पटत नाही. न पटू दे. मी आजही सोडेन. बहुतेक.

ती गालावर खळगा असलेली गिनी मात्र अजून कपाटात आहे. सोन्याच्या भावात सहज गेली असती, पण वितळवायला दिली नाही. भेटलास की देतो, शेजारी खरी ठेवून तासभर बघत बस.

तोवर पट्टीवरच्या 'आय'चा आणि कडेचे, चारही बाजूंनी, फोटो पाठव. फ्लॅश बंद ठेव, उजेड एका बाजूने तिरका येऊ दे. आणि "रविवारपर्यंत सांगा, दुसरं गिऱ्हाईक आहे" असं ते म्हणतायत ना, तर घेऊ दे दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

तुझा
काका