घरातली पिढीजात बंदूक चोरीला गेली तर परत मिळते का, आणि उरलेली शस्त्रं कशी सांभाळायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की पुण्यातल्या घरातून पणजोबांची बारा बोर (छऱ्याची काडतुसं उडवणारी) डबल बॅरल म्हणजे दुनळी बंदूक आणि एक ठासणीची बंदूक चोरीला गेली, बारा बोरचं लायसन वडिलांच्या नावावर आहे, ठासणीच्या बंदुकीचं कधी काढलंच नाही, चार दिवस झाले आणि ठाण्यात फक्त तोंडी सांगून आलात. आता ती मिळेल का, आणि घरात उरलेली रायफल कशी ठेवायची.

मिळू शकते. आमची मिळाली. एकोणीस महिने लागले आणि कुंदा, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता, अर्धा कापलेला होता, पण मिळाली. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या चार दिवसांचं बघा. आजच लेखी तक्रार द्या आणि एफआयआरची प्रत हातात घेऊनच बाहेर या, ती फिर्यादीला फुकट मिळते, तुमचा हक्क आहे तो. 'आत्ता गहाळ म्हणून नोंद करू मग बघू' असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका, हरवलेला मोबाईल वेगळा आणि घर फोडून नेलेली बंदूक वेगळी. लायसनच्या अटीतच लिहिलेलं असतं की शस्त्र चोरीला गेलं की ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवायचं, म्हणजे उशिराचं उत्तर वडिलांना द्यावं लागणार. आणि उद्या त्या बंदुकीने कोणी काही केलं तर ती त्याआधीच तुमच्या ताब्यातून गेली होती हे दाखवायला हाच कागद कामाला येतो. त्याची एक प्रत अर्जासोबत लायसन देणाऱ्या ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पुणे शहर आणि पिंपरी चिंचवडला पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात कलेक्टर ऑफिस.

ठासणीच्या बंदुकीचा भाग नाजूक आहे. जुनी आहे, भिंतीवर शोभेला होती, मग लायसन कशाला असं बऱ्याच घरांत धरून चालतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या पद्धतीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून चालता कामा नये. नळी शाबूत असेल आणि दारू ठासून बार उडू शकत असेल तर ती शंभर वर्षांची असो की दीडशे, लायसन लागतं. तुमची कुठल्या बाजूला पडते ते फौजदारी वकिलाला आजच विचारा आणि त्यांना सोबत घेऊन ठाण्यात जा, पण लपवू मात्र नका. चोर सापडला, त्याच्याकडे दोन बंदुका निघाल्या आणि तुमच्या फिर्यादीत एकच असली तर मग काय सांगणार?

आता आमचं सांगतो. गाव पुण्यापासून दीड तासावर, घाटाच्या बाजूला. आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, १९४६ ला वेब्ली अँड स्कॉट या इंग्लिश कंपनीची बारा बोर घेतली होती, रानडुकरं भात लोळवायची म्हणून शेतीसंरक्षणाचं लायसन. पुढे ते बाबांकडे आलं. मी कोथरूडला राहतो. जानेवारी २०२२, संक्रांतीला बाबा तीन दिवस आमच्याकडे आले आणि तेवढ्यात मागचं दार उचकटून चोरांनी माजघरातली लाकडी पेटीच उचलून नेली, बंदूक त्यात होती. बाबा एकच वाक्य बोलत राहिले की अण्णांची वस्तू माझ्या हातून गेली. त्याआधीच्या खंडेनवमीला चुलतभावाने पूजेचा फोटो स्टेटसला ठेवला होता, बंदूक, तलवार, झेंडूची फुलं आणि मागे ती पेटी उघडी. त्यावरूनच कळलं असं मी म्हणत नाही, पण तेव्हापासून आमच्याकडे पूजेचा फोटो काढतात तो फक्त घरात ठेवायला.

तपास अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, नंबर काय? लायसनच्या पुस्तकात होता पण शाई पाण्याने फुटलेली, शेवटचा आकडा ३ की ८ तेच कळेना. बायकोने जुन्या फोनमधले सगळे फोटो चाळले आणि एक सापडला, दसऱ्याच्या आधी बाबा बंदूक उघडून नळ्यांना तेल लावतायत, मोठा करून पाहिला तर नंबर स्पष्ट ८. दुसरी खूण म्हणजे कुंदा एकदा तडकला होता तेव्हा गावातल्या सुताराने पितळी पट्टी ठोकली होती, दोन स्क्रूंपैकी एक तिरका गेलेला. हे दोन्ही पुरवणी जबाबात लिहून दिलं.

ऑक्टोबरमध्ये शेजारच्या तालुक्यात वनखात्याने रानडुकराची शिकार करणारे तिघं पकडले. त्यांच्याकडच्या बारा बोरचा कुंदा कापलेला, वरचा नंबर कानशीने घासलेला, पण पितळी पट्टीचा तुकडा आणि तो तिरका स्क्रू अजून लाकडात होता. तेवढ्यावरून आम्हाला बोलावणं आलं. बाबांनीच सांगितलं की नळ्या काढा आणि पुढचं लाकूड सोडवा. चांगल्या इंग्लिश बंदुकीवर नंबर एकाच जागी नसतो, नळ्यांवर खालून असतो, मधल्या लोखंडी भागावर असतो, पुढच्या लाकडाच्या आतल्या पट्टीवरही असतो, आणि नळ्यांच्या सपाट बाजूला बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (तिथे बंदुकीची नळी तपासून शिक्का मारतात) मुकुटवाले छाप असतात. चोर दिसतो तेवढाच घासतो, आतला आकडा जसाच्या तसा होता. आणि आतलाही घासला असता तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ॲसिड लावून तो वर काढता येतो, कारण आकडा ठोकताना खालचं लोखंड खोलवर दाबलं जातं आणि ॲसिड त्या दाबलेल्या भागावर वेगळं चालतं. त्यामुळे 'नंबर घासलाय म्हणजे गेली' असं पोलीस म्हणोत की आणखी कोणी, सोडून देऊ नका.

नंबरची ताकद जुनीच आहे. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रोडा या शस्त्रं विकणाऱ्या कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० गोळ्या पळवल्या. त्या धाडसाबद्दल आदर आहेच, पण क्रांतिकारकांच्या हालचालींवर इंग्रज सरकारने नेमलेल्या रौलट समितीच्या अहवालात बघा, प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा नंबर होता, कंपनीकडे त्याची नोंद होती, आणि बंगालभर पांगलेल्या त्या ५० पैकी ३१ पिस्तुलं पुढे पोलिसांच्या हाती लागली.

सापडली म्हणजे घरी आली असं नाही. ती मुद्देमाल, म्हणजे केसमधला पुरावा, असते आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय मिळत नाही. आमच्या वेळी त्यासाठी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ४५१ आणि ४५७ होतं, १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४९७ आणि ५०३ आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय की मुद्देमाल ठाण्यात सडवत ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन ताबा द्या, तुमच्या वकिलांना तो निकाल जोडायला सांगा. आमच्यात वन्यजीव कायद्याची केस आडवी आली, त्यात गुन्ह्यात वापरलेलं शस्त्र सरकारजमा होऊ शकतं, आणि शिकारीच्या नऊ महिने आधीची चोरीची फिर्याद हातात नसती तर आम्ही काय केलं असतं माहीत नाही. ऑगस्ट २०२३ ला ताबा मिळाला, अट अशी की बदल करायचा नाही, विकायची नाही, बोलावलं की हजर करायची.

आणि या सगळ्या काळात लायसन जिवंत ठेवा, मुदत संपली तर कोर्ट ताबा कोणाला देणार? लायसन आता पाच वर्षांचं असतं. बाबा सत्तरी ओलांडलेले होते, शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ प्रमाणे लायसनदार सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं तर वारसाला त्याच्या हयातीत अर्ज करता येतो, तो आम्ही मधल्या काळातच केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या, आणि वारशाने आली म्हणून यात सवलत नाही हे धरूनच कोणाच्या नावावर काय ते घरात बोलून घ्या.

उरलेल्या रायफलीचं. लाकडी पेटी, गोदरेजचं कपाट, दिवाण, हे सगळं विसरा. लोखंडी तिजोरी घ्या आणि ती आरसीसी भिंतीला किंवा जमिनीला आतून अँकर बोल्टने पक्की करा, नुसती ठेवलेली तिजोरी दोन माणसं चादरीत गुंडाळून नेतात. रायफलीचा बोल्ट (मागचा सरकता लोखंडी भाग, तो काढला की बार उडत नाही) काढून वेगळ्या कुलपात, काडतुसं तिसरीकडे, बारा बोर परत आली की तिच्या नळ्या आणि कुंदा सुटे. किल्ली देवघरात किंवा दाराच्या मागे नको, आमच्याकडे ती फक्त मला आणि बायकोला माहीत आहे. बँकेच्या लॉकरचा विचार करू नका, करारातच शस्त्रांना मनाई असते. आठवड्यापेक्षा जास्त बाहेर जाणार असाल तर लायसनधारक डीलरकडे सेफ कस्टडीत ठेवा, थोडं भाडं घेतात पण पावती देतात. पावसाळ्यात चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरमध्ये अजिबात नको, ते ओल धरतं आणि जुनं लोखंड आतून खायला लागतं, पातळ तेलाचा हात आणि तिजोरीत ओल शोषणारं सिलिका जेल, त्याचा रंग बदलला की तापवून परत वापरा.

जुन्या बाजारात किंवा एखाद्या ग्रुपवर तुमची बंदूक दिसली तर भावनेच्या भरात पैसे देऊन घरी आणू नका, ते प्रकरण तुमच्याच अंगावर येऊ शकतं. फोटो, जागा, वेळ टिपा आणि थेट तपास अधिकाऱ्यांना फोन करा.

आज रात्री घरातले सगळे जुने अल्बम आणि फोन काढा, लग्नाचे, दसऱ्याचे, काकांकडचे, मामांकडचेही मागवा. ज्या फोटोत बंदूक उघडलेली आहे किंवा कुंद्यावरचा एखादा ओरखडा दिसतोय तो मोठा करून प्रिंट काढा आणि उद्या पुरवणी जबाब द्यायला जाताना लायसनच्या झेरॉक्ससोबत घेऊन जा.