माणूस जन्मतः चांगला असतो की परिस्थिती त्याला तसा घडवते?

चांगुलपणा कुणी जन्मतः घेऊन येत नाही, आणि दुष्टपणाही नाही. जन्मतः येतो तो स्वभाव: भीती किती पटकन वाटते, राग किती लवकर चढतो, दुसऱ्याच्या रडण्यानं किती अस्वस्थ व्हायला होतं, मनात आलेलं आवरता येतं का. पुढे त्याचं काय होतं ते घर, सोबत आणि ऐन वेळची परिस्थिती ठरवते. खरी गोम अशी, की एकच घर दोन मुलांना सारखं घडवत नाही.

‘बाळं जन्मतःच भली असतात’ म्हणणारे हमखास येल विद्यापीठातला २००७ चा प्रयोग पुढे करतात. चढ चढू पाहणाऱ्या एका लाकडी आकाराला दुसरा आकार वर ढकलतो, तिसरा खाली लोटतो. मग दोन्ही समोर धरले, तर सहा आणि दहा महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. पुढे ३७ प्रयोगशाळांनी मिळून हाच प्रसंग व्हिडिओवर दाखवून पाहिला, तेव्हा मदत करणारा निवडणारी बाळं जेमतेम निम्मी निघाली. म्हणजे छापा-काटाच. दीड वर्षाच्या मुलांचा पुरावा मला जास्त भक्कम वाटतो: मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडली आणि त्याचा हात पोहोचत नाहीसं दिसलं, की बरीच मुलं न सांगता, बक्षिसाशिवाय ती उचलून देतात. अर्थात दीड वर्षात घरानं बरंच काही शिकवलेलंही असतं.

मग रक्ताचा वाटा किती, हे जुळ्यांवरून काढतात. एकाच फलित अंड्यातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सगळी सारखी, दोन अंड्यांच्या जुळ्यांची सरासरी निम्मी. समजा, आक्रमकपणातला सहसंबंध (जुळ्यांतलं साम्य किती ते सांगणारा आकडा) पहिल्या गटात ०.५० आणि दुसऱ्यात ०.३० आला (आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून). दोन गटांत फरक निम्म्या जनुकांचाच, म्हणून या फरकाची दुप्पट करायची: ०.४०, म्हणजे आनुवंशिक वाटा ४० टक्के. ०.५० मधून ०.४० वजा केले की उरलेले ०.१० दोघांच्या सामाईक घराचे. बाकी निम्मा भाग प्रत्येकाच्या वेगळ्या अनुभवांचा, शिवाय मोजमापातल्या चुकांचा. पन्नास वर्षांतले असे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र केले, तेव्हा सगळ्या गुणांचा मिळून आनुवंशिक वाटा सरासरी ४९ टक्के आला.

इथेच लोक फसतात. ४० टक्के म्हणजे अमुक एका माणसाच्या रागातला ४० टक्के राग रक्तातून आला, असं नव्हे. हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. सगळ्या मुलांना एकसारखं घर मिळालं तर घरामुळे पडणारा फरक संपेल आणि आनुवंशिक टक्का उलट वाढेल.

मोठ्यांच्या बाबतीत परिस्थितीचं वजन आपण नेहमी कमी धरतो. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिन्स्टनच्या प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी भाषण द्यायला निघाले होते आणि वाटेत एक माणूस कण्हत बसला होता. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. काहींचं भाषणच वाटसरूला मदत करणाऱ्याच्या बोधकथेवर होतं, पण त्यानं ठळक फरक पडला नाही.

घरात हे कसं घडतं ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी बारकाईनं मांडलं. आई म्हणते, मोबाइल ठेव. मूल ओरडतं. आई आवाज चढवते. मूल वस्तू फेकतं. आई थकून म्हणते, ‘घे, पण गप्प बस’. मूल गप्प होतं. बक्षीस दोघांनाही मिळालं: त्याला मोबाइल, तिला शांतता. पुढच्या वेळी मूल थेट वरच्या पट्टीत सुरुवात करतं. जन्मतः तापट मूल आणि त्याच रक्ताचे तापट आईबाप असले की हे चक्र आणखी जोरात फिरतं. मग हा स्वभाव की संगोपन, ते सोडवून दाखवणं कठीण.

चक्र तोडायचं तर सूचना एकदाच, छोटी आणि शांत आवाजात द्यायची. ऐकलं तर लगेच, नेमकं काय आवडलं ते सांगून कौतुक. नाही ऐकलं तर आधी ठरवलेला छोटा परिणाम, दर वेळी तोच. सुरुवातीला आरडाओरडा हमखास वाढतो आणि बरेच पालक नेमके तेव्हाच नमतात. त्यातून मूल एवढंच शिकतं, की आता जास्त वेळ ओरडावं लागतं.

काही मुलांना मात्र दुसऱ्याच्या दुःखाचं आणि शिक्षेचं दोन्हींचं फारसं काही वाटत नाही. या थंडपणात आनुवंशिक वाटा मोठा असतो. त्यांच्यावर शिक्षा वाढवून फारसा उपयोग होत नाही. माया आणि नेमकं कौतुक जास्त लागू पडतं. दत्तक मुलांच्या एका अभ्यासात जन्मदात्या आईकडून आलेला हा धोका, दत्तक आई भरपूर शाबासकी देणारी असेल तिथे, कमी झालेला दिसला.