वाचकांचे प्रश्न: सीट मुंबईत, घर कोल्हापुरात

प्रश्न: माझ्या पत्नीला नीट-पीजीतून मुंबईच्या सरकारी कॉलेजात एमडी मेडिसिनची सीट मिळाली. चार वर्षांच्या मुलाला सांभाळून तिनं अभ्यास केला, म्हणून ऊर भरून येतो. राजारामपुरीत मित्र अभिनंदनाचा फ्लेक्स लावणार आहेत. मुलगा आणि मी इथेच राहणार. पुढची तीन वर्षं तिला खरी मदत कशी करावी?

उत्तर: फ्लेक्स जरूर लावा, चौकात सांगण्यासारखंच यश आहे. अलॉटमेंट लेटरचा फोटो मात्र स्टेटसला नको. रोल नंबर, रँक उघड झाले की फसवणुकीचे फोन सुरू होतात.

आधी कागद. एमबीबीएसची गुणपत्रकं माहेरच्या नावाची आणि आधार सासरच्या नावाचं असेल, तर विवाह नोंदणी दाखला फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. मूळ कागद कॉलेज जमा करून घेतं, म्हणून त्याआधी प्रत्येकाचं स्कॅन आणि झेरॉक्सचे तीन संच करा. पहिला स्टायपेंड उशिरा येऊ शकतो. दोन-तीन महिन्यांचा खर्च बाजूला काढा.

पहिलं वर्ष सगळ्यात जड. युनिटचा, म्हणजे ती ज्या डॉक्टरांच्या गटात काम करेल त्याचा, इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. तो विचारून घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोस्ट-इमर्जन्सीला, फोनची वाट पाहू नका. मुलाच्या चित्राचा फोटो पाठवा आणि खाली लिहा, ‘उत्तर देऊ नकोस.’ भेटायला जायचं तर तिची एक रात्र सलग झोप झाल्यावर पोहोचाल अशा बेतानं महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडा. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू न्या. वॉर्डात उभ्या उभ्या खाता येतात. बूट बंद, धुता येणारे, दोन जोड. पावसाळ्यात एक जोड वाळतच नाही.

एक गोष्ट आजच विचारा: हिपॅटायटिस-बीच्या लसीचे तीनही डोस झालेत का, आणि टायटर, म्हणजे लसीमुळे रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासलं का? ते 10 च्या वर हवं. झोप नसलेल्या हाताला सुई टोचते, आणि ‘पेशंट ठीक दिसत होता’ म्हणून रेसिडेंट (एमडी करणारे डॉक्टर) ते अंगावर काढतात. तिनं फोनवर सांगितलंच तर धीर देत बसू नका, लगेच कॅज्युअल्टीत पाठवा. जखम साबण-पाण्यानं धुवायची, पिळायची नाही. एचआयव्ही प्रतिबंधक गोळ्या शक्यतो 2 तासांत सुरू व्हाव्यात. 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा.

रजांचा हिशेब तुम्ही ठेवा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार वर्षाला किमान 20 किरकोळ रजा आणि 5 शैक्षणिक रजा मिळतात, साप्ताहिक सुट्टी कामाच्या निकडीप्रमाणे. हजेरी 80 टक्के लागते. मुलाचं गॅदरिंग, घरचं लग्न यांच्या तारखा कळल्या की लगेच तिला द्या, कारण रजा सहकाऱ्यांशी ड्यूटी बदलून जुळवावी लागते. पहिल्या सहा महिन्यांत थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, असतो. तेव्हा घरात मोठा कार्यक्रम काढू नका.

प्रश्न: सून एमबीबीएस आहे. पाहुणे विचारतात, ‘अजून किती शिकणार?’ काय सांगू?

उत्तर: आकडे सांगा. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं, एमडी तीन, आणि हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर डीएमची, म्हणजे एमडीनंतरच्या पदवीची, आणखी तीन. एमडीच्या तीन वर्षांत ती रोज पेशंट तपासते, म्हणून तिला स्टायपेंड मिळतो.