दारू सोडून चार महिने झाले, तरी भाऊ एवढ्या-तेवढ्यावरून का कोसळतो? व्यसनी माणसाच्या मेंदूत दुःखाचं नेमकं काय होतं?

ताई, तुम्ही लिहिलंय की घरात कुणी जरा चढ्या आवाजात बोललं की भाऊ थरथरतो, खोलीत जाऊन बसतो आणि म्हणतो, 'यापेक्षा पीत होतो तेच बरं होतं.' हे नाटक तर नाही ना, असंही तुम्ही विचारलंय. नाटक नाही. मी नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली आणि पहिलं वर्ष जवळपास असंच काढलं. म्हणून वाचून जे समजलं आणि जे भोगलं, ते दोन्ही सांगतो.

मेंदूत गाबा नावाचं रसायन शांत करणारं आणि ग्लुटामेट चेतवणारं. दारू पहिल्याला बळ देते, दुसऱ्याला दाबते. रोज हेच होऊ लागलं की मेंदू तोल राखायला उलट्या बाजूने जोर लावत राहतो. रस्सीखेचीत समोरच्यांनी अचानक दोर सोडला की आपण जसे पाठीवर आपटतो, तसं दारू बंद होताच होतं. हातपाय कापतात, घाम फुटतो, झोप उडते, काहींना झटके येतात, भास होतात. (कुणी रोज भरपूर पीत असेल तर डॉक्टरांशिवाय एकदम बंद करू नये, जिवावर बेततं.) हे काही दिवसांत ओसरतं आणि घरच्यांना वाटतं, सुटला एकदाचा.

खरी लांबलचक गोष्ट त्यानंतरची आहे. जॉर्ज कूब या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने अनेक वर्षं यावर काम केलंय. धोका ओळखणारा जो अमिग्डाला, त्याच्या आसपासच्या भागात सीआरएफ हे ताणाचं रसायन आणि मन खिन्न करणारं डायनॉर्फिन व्यसनामुळे वाढलेलं असतं. दुसरीकडे, व्यसनावर संशोधन करणाऱ्या नोरा वोल्कोव यांनी व्यसनी लोकांच्या मेंदूचे स्कॅन केले तेव्हा आनंद-उत्साहाशी जोडलेलं डोपामिन हे रसायन झेलणारे डी-२ रिसेप्टर कमी दिसले, आणि काहींमध्ये ते सोडल्यावर काही महिन्यांनीही कमीच होते. म्हणजे दुःखाचा आवाज वाढवलेला आणि आनंदाचा उतरवलेला. अशा डोक्याने भाऊ तुमचं साधं वाक्य ऐकतोय. त्यात ताण आला की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आपला ब्रेक, तोच ढिला पडतो. तुम्हाला जे 'जरा चढ्या आवाजात' वाटतं, ते त्याला ओरडणं वाटत असेल.

पण मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट वेगळीच आहे. वर्षानुवर्षं प्रत्येक भावनेवर एकच औषध घेतलं की मेंदू भावनांमधला फरक करणं सोडून देतो. राग, लाज, एकटेपण, भूक, थकवा, सगळ्यांची मिळून एकच हाक येते, तलफ. येल विद्यापीठात रजिता सिन्हा यांनी व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांना त्यांच्याच आयुष्यातला त्रासाचा प्रसंग ध्वनिमुद्रित करून ऐकवला. समोर ना बाटली, ना पावडर, तरी तलफ उसळली. कोकेन सोडलेल्या ज्यांची तलफ अशा वेळी जास्त उसळली, ते लवकर पुन्हा घसरले.

माझा तिसरा महिना. थोरल्या बहिणीला फोन केला होता. ती घाईत होती, 'नंतर बोलते' म्हणाली आणि फोन ठेवला. बस, एवढंच. कान तापले, छातीत काहीतरी खाली गेल्यासारखं झालं. भानावर आलो तेव्हा पायात चपला होत्या आणि हात कडीवर. कुठे निघालोय हे मनात यायच्या आधी पाय तयार झाले होते. तसाच उभा राहून मी माझ्याआधी कित्येक वर्षं दारू सोडलेल्या एका मित्राला फोन लावला. म्हटलं, तलफ आलीय. तो म्हणाला, "तलफेच्या आधी काय आलं?" मला सांगता येईना. चाळिशीतला माणूस मी, आणि स्वतःला काय होतंय याला शब्द नव्हता. त्याने घाई केली नाही. बऱ्याच वेळाने तोंडातून निघालं, "तिला मी नकोय असं वाटलं." ते म्हणताच रडू आलं, आणि हात कडीवरून खाली आला.

पुढे कळलं की यालाही आधार आहे. मॅथ्यू लिबरमन या मानसशास्त्रज्ञाच्या 2007 मधल्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डालाची धडपड कमी झाली आणि कपाळामागच्या एका भागाचं काम वाढलं. माझ्यासाठी तो ब्रेक पुन्हा लागायला तिथूनच सुरुवात झाली.

म्हणून भाऊ खोलीत गेला की 'पुन्हा प्यायचा विचार तर नाही ना?' असं विचारू नका, त्याला त्यात संशयच ऐकू येईल. थोडा वेळ जाऊ द्या. मग जवळ बसून 'काय लागलं मनाला?' एवढंच विचारा आणि उत्तराची वाट बघा. तलफ लाटेसारखी चढते आणि काही केलं नाही तरी उतरते. ती उतरेपर्यंत कुणी सोबत असलं की पुरतं. जेवण आणि झोप वेळेवर होतेय का बघा, उपाशी आणि जागरण झालेला मेंदू काहीच पेलत नाही. उदासी आठवड्यांमागून आठवडे हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कारण नैराश्य वेगळं असू शकतं आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलला, तर मात्र त्याच दिवशी न्या, एकटं सोडू नका.

त्या दिवसाबद्दल मी बहिणीला सहा महिन्यांनी सांगितलं. तेव्हापासून ती नुसतं 'नंतर बोलते' म्हणत नाही. 'सातला करते' म्हणते, आणि सातला फोन येतो.