अंडपेशीचा ‘कामगंध’? एका वाक्यातले तीन शब्द

प्रश्न असा आला आहे : एका विज्ञानलेखासाठी “अंडपेशीच्या कामगंधामुळे परिपक्व शुक्राणू तिच्याकडे आकर्षित होतात आणि गर्भधारणा होते” असं वाक्य लिहिलं, तर त्यातला ‘कामगंध’ चालेल का? विचारणाऱ्यांना शंका एकाच शब्दाची आहे. मला तीन शब्दांची आहे, पण सुरुवात त्यांच्याच शब्दापासून करतो.

‘कामगंध’ हा मराठीत चांगला रुळलेला शब्द. शेतीत ‘कामगंध सापळे’ म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहेत : मादी पतंगाच्या गंधाची नक्कल करणारं रसायन सापळ्यात ठेवायचं, नर पतंग त्याच्या मागे येतो आणि अडकतो. ज्याला इंग्रजीत फेरोमोन म्हणतात त्याचा हा प्रतिशब्द, आणि मुळापेक्षाही चपखल. फेरोमोन हा शब्द १९५९ साली कार्लसन आणि ल्युशर यांनी घडवला, तो ‘वाहून नेणं’ आणि ‘चेतवणं’ अशा अर्थांचे ग्रीक धातू जोडून. एका प्राण्याने शरीराबाहेर सोडलेलं आणि त्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याच्या वागण्यात किंवा शरीरात बदल घडवणारं रसायन, ही त्याची व्याख्या. सस्तन प्राण्यांतलं ठळक उदाहरण म्हणजे नर डुकराच्या लाळेतलं अँड्रोस्टेनोन. त्याच्या वासाने माजावरची मादी जागच्या जागी स्थिर उभी राहते. इथे ‘कामगंध’ शंभर टक्के बसतो.

अंडपेशी आणि शुक्राणूच्या बाबतीत तो बसत नाही. कोणी म्हणेल, शुक्राणू तर दुसऱ्याच प्राण्याचा आहे, मग ‘एकाकडून दुसऱ्याकडे’ ही अट पूर्ण झाली की! हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तपकिरी शैवालांच्या मादीबीजांनी पाण्यात सोडलेल्या आकर्षक द्रव्यांना जीवशास्त्रज्ञ खुशाल फेरोमोन म्हणतात. पण सस्तन प्राण्यांत संकेत मादीच्या शरीराबाहेर जातच नाही, आणि तो घेणारा प्राणी नसून एकटी पेशी असते. तिला कामवासना नाही आणि नाकही नाही.

नाकाचा उल्लेख मुद्दाम केला, कारण हा ‘गंध’ या विषयात शिरला त्याला एक कारण आहे. २००३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसाच्या शुक्राणूंत वास ओळखणाऱ्या जातीचा एक ग्राही (पेशीवरचं, संकेत टिपणारं प्रथिन) सापडल्याचं जाहीर केलं. बूर्जनाल नावाच्या सुगंधी द्रव्याकडे शुक्राणू वळतात, असं त्यांनी दाखवलं. त्या द्रव्याला लिली ऑफ द व्हॅली या फुलासारखा वास येतो. मग काय, ‘शुक्राणू फुलाच्या वासाने अंडपेशी शोधतात’ असे मथळे आलेच. पुढे २०१२ मध्ये दिसून आलं, की बूर्जनाल शुक्राणूच्या शेपटीतल्या कॅटस्पर या कॅल्शियमच्या मार्गिकेवर थेट परिणाम करतं. त्यासाठी वासाच्या ग्राहीची मध्यस्थी लागत नाही. शिवाय ते प्रयोगशाळेत बनवलेलं द्रव्य. मथळे मात्र राहिले.

माणसाच्या शुक्राणूंना खुणावणारं खरं द्रव्य कोणतं, तर प्रोजेस्टेरॉन. अंडपेशीभोवतीच्या पेशींचा पुंजका ते स्रवतो, आणि अत्यल्प प्रमाणातही शुक्राणूला ते कळतं. मग याला ‘संप्रेरक’ म्हणावं का? पदार्थ तोच आहे, पण इथलं काम निराळं आहे. ‘प्रेर्’ म्हणजे हलवणं, चालना देणं. हॉर्मोन या शब्दाचा ग्रीक धातूही चेतवण्याचाच, त्यामुळे ‘संप्रेरक’ ही नेमकी घडण. पण संप्रेरक म्हटलं की रक्तातून दूरच्या अवयवाकडे जाणारं आणि सहसा पेशीकेंद्रातल्या जनुकांना कामाला लावणारं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. शुक्राणूतला डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो, की तिथे नव्याने जनुकं चालू होणं जवळजवळ शक्यच नाही. त्यामुळे इथे प्रोजेस्टेरॉन पेशीच्या पृष्ठभागावरूनच काम करतं : कॅटस्पर उघडते, कॅल्शियम आत येतं, शेपटीचे फटके बदलतात. हे २०११ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. उंदराच्या शुक्राणूंत प्रोजेस्टेरॉनने कॅटस्पर अशी उघडत नाही. तेव्हा लेखात ‘सस्तन प्राण्यांत’ असं सरसकट लिहू नका, ‘माणसाच्या शुक्राणूंत’ लिहा.

म्हणून मी साधा ‘रासायनिक संकेत’ वापरेन. त्या संकेताच्या दिशेने सरकण्याच्या क्रियेला ‘अनुचलन’ म्हणावं. ‘अनुवर्तन’ नको, तो झाडाच्या खोडा-मुळांच्या वळण्याचा शब्द आहे. रासायनिक अनुचलन, उष्णतेमागचं अनुचलन, प्रवाहाविरुद्ध पोहण्याचं अनुचलन हे तिन्ही प्रकार शुक्राणूंत दिसले आहेत. त्यात रसायनाचा वाटा बहुधा अंडपेशीच्या जवळच्या, शेवटच्या टप्प्यापुरता असतो. ‘गंधाने ओढले जातात’ म्हटलं की सगळा प्रवासच त्या एका द्रव्याच्या नावावर जातो, ही मला या शब्दाची सर्वांत मोठी अडचण वाटते.

आता ‘परिपक्व’. शुक्राणू परिपक्व होतो तो नराच्या शरीरात, अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) जाताना. पण तेवढ्याने त्याला फलन, म्हणजे अंडपेशीशी मीलन, करता येत नाही. १९५१ साली अमेरिकेत चांग यांनी सशांवर आणि ऑस्ट्रेलियात ऑस्टिन यांनी उंदरांवर काम करताना, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हेच दाखवलं : शुक्राणूला मादीच्या प्रजननमार्गात काही तास काढावे लागतात, त्यानंतरच तो अंडपेशीत शिरण्याजोगा होतो. तिथल्या द्रवातल्या बायकार्बोनेटमुळे त्याच्यातली रासायनिक साखळी जागी होते, आणि अल्ब्युमिन हे प्रथिन त्याच्या पटलातलं (बाहेरच्या आवरणातलं) कोलेस्टेरॉल काढून घेतं. ऑस्टिन यांनी या बदलाला दिलेल्या नावाचा अर्थ ‘क्षमता येणं’. मराठीत ‘सक्षमीकरण’ सुचतं खरं, पण तो शब्द सरकारी योजनांनी इतका वापरला आहे, की शुक्राणूंचा बचतगट आठवेल. मी ‘क्षमताप्राप्ती’ लिहितो. आणि हा नुसता शब्दाचा कीस नाही : रासायनिक संकेताला प्रतिसाद देतात ते क्षमताप्राप्त शुक्राणूच, आणि एका वेळी त्यांचं प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्या वाक्यातले ‘परिपक्व’ तर बहुतेक सगळेच!

‘गर्भधारणा’ सरळ काढून टाका. तिथे ‘फलन’ हवं. गर्भधारणा ही त्यानंतरची गोष्ट : फलित अंडपेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला माणसात साधारण आठवडा जातो.

फलनाचा विषय निघालाच आहे, तर ‘गंध’ नको म्हणण्याला आणखी एक आधार. शेवटचा संकेत दरवळतच नाही. शुक्राणूवरचं इझुमो हे प्रथिन अंडपेशीच्या पटलाला बांधलेल्या जूनो या प्रथिनाला प्रत्यक्ष चिकटावं लागतं. पहिलं २००५ मध्ये सापडलं, त्याला लग्न जुळवणाऱ्या देवाच्या जपानी देवस्थानाचं नाव मिळालं. त्याचा जोडीदार २०१४ मध्ये सापडला, त्याला विवाहाच्या रोमन देवतेचं. एक शुक्राणू आत गेला की अंडपेशी थोड्याच वेळात आपल्या पटलावरचं जूनो टाकून देते, म्हणजे मागून आलेल्यांना धरायला काही उरत नाही.

एकूण वाक्य असं करता येईल : “अंडपेशीभोवतीच्या पेशींकडून येणाऱ्या रासायनिक संकेतांच्या दिशेने क्षमताप्राप्त शुक्राणू सरकतात आणि त्यांतल्या एकाकडून फलन होतं.” थोडं कोरडं आहे, मान्य. ‘सरकतात’ऐवजी ‘वळतात’ही चालेल, ‘आकर्षित होतात’ला माझा विरोध नाही, फक्त मागे ‘काम’ जोडू नका. आणि लेखात इतरत्र ‘शुक्रजंतू’ लिहिलं असेल, तर तेही बदलून ‘शुक्राणू’ करा. जंतू म्हटलं की स्वतंत्र जीव आणि रोग दोन्ही आठवतात, आणि ही तर शरीराची एक पेशी आहे.